व्यापारी सॉफ्टवेअर: फसवे दावे, कंपन्यांची आपसातील लढाई आणि त्यात भरडले जाणारे लोक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी जालन्यात नऊ वर्षे एका डीलरकडे दुकानांत बिलांचे आणि हिशोबाचे सॉफ्टवेअर बसवण्याचे आणि शिकवण्याचे काम केले. आता लहान व्यापाऱ्यांचे हिशोब लिहितो. मोंढ्यातील (शेतमालाच्या बाजारातील) आडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे, डाळ मिल, जिनिंग आणि पतसंस्था येथून, तसेच सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेले असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचे? आपल्या मालाची स्तुती तर प्रत्येकच जण करतो.

स्तुती वेगळी आणि विधान वेगळे. "व्यापाऱ्यांचा विश्वासू सोबती" ही स्तुती झाली. ती खरी की खोटी हे तपासता येत नाही आणि तिच्या भरवशावर कोणी पैसे मोजत नाही. "एका लायसन्सवर पाच संगणक चालतील" किंवा "मागच्या सात वर्षांचा हिशोब जसाच्या तसा उतरवून देऊ" ही विधाने आहेत आणि ती खोटी निघाली तर ती दिशाभूल ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्येत खोटे वर्णन आणि खोटी हमी यांच्याबरोबरच महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणेही येते. हा शेवटचा भाग लोकांच्या लक्षात राहत नाही, पण माझ्या अनुभवात या धंद्यात खोटे बोलण्यापेक्षा न बोलणे अधिक चालते. पहिल्या वर्षाची किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या रिन्युअलचा आकडा कोणी काढतच नाही.

२. विक्री प्रतिनिधी म्हणतो, "सरकारने सक्ती केली आहे, ३१ मार्चच्या आत आमचे सॉफ्टवेअर घेतले नाही तर दंड येईल." हे खरे आहे का?

अमुक कंपनीचेच सॉफ्टवेअर घ्या, अशी सक्ती जीएसटी कायद्यात कोठेही नाही. ही भीती १ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी लागू झाला त्या दिवसापासून विकली जात आहे. नियम दर थोड्या दिवसांनी बदलत गेले आणि प्रत्येक बदलाबरोबर तीच भीती नव्या वेष्टनात आली, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवून घेतलेल्या बिलाची) सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना लागू झाली. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षाची पाहिली जाते, म्हणून "यंदा धंदा कमी झाला" असे म्हणून सुटका होत नाही. मात्र ई-इन्व्हॉइस नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या करपात्र विक्रीसाठी आणि निर्यातीसाठी असते. दुकानातील किरकोळ ग्राहकाच्या बिलाला ती लागत नाही आणि करमुक्त मालाच्या बिलालाही लागत नाही. उलाढाल मोजताना करमुक्त माल धरला जातो आणि ई-इन्व्हॉइस काढताना तो सोडला जातो. मोंढ्यातील व्यापाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो आणि प्रतिनिधी त्याचाच फायदा घेतो. सरकारी पोर्टलवर ई-इन्व्हॉइस आणि मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल विनामूल्य काढता येते, विवरणपत्रही सरकारी पोर्टलवरच भरता येते. दिवसाला पन्नास बिले असतील तर सॉफ्टवेअरची सोय नक्कीच हवी, पण सोय आणि सक्ती यांत फार अंतर आहे.

"एडिट लॉग सक्तीचा झाला" हा दुसरा नेहमीचा दावा आहे. हिशोबात केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअरच वापरण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे हे खरे, परंतु तो कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहे. एकट्याच्या मालकीचे दुकान किंवा भागीदारीतील आडत पेढी त्यात येत नाही. माझ्या ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्राने केवळ या एका वाक्यावर चांगले चालणारे सॉफ्टवेअर बदलले होते.

मार्च हा आपल्या वर्षअखेरीचा महिना असतो तसा तो त्यांच्या टारगेटचाही महिना असतो. म्हणून "३१ मार्च" ही तारीख ऐकली की आधी कर सल्लागाराला फोन करावा आणि प्रतिनिधीकडून अधिसूचनेचा क्रमांक लिहून मागावा.

३. "लाइफटाइम", "अनलिमिटेड", "एकदाच पैसे" या शब्दांचा खरा अर्थ काय असतो?

"लाइफटाइम" म्हणजे बहुधा त्या आवृत्तीचे आयुष्य. तुमचे किंवा तुमच्या दुकानाचे नव्हे. आवृत्ती बंद झाली आणि जीएसटीचा नवा नियम तिच्यात आला नाही, की तो लाइफटाइम संपला. "अनलिमिटेड" बिले असतात, पण वापरकर्ता एकच असतो. "एकदाच पैसे" म्हणताना वार्षिक देखभाल, एसएमएस, क्लाउडवरील जागा आणि १८ टक्के जीएसटी बाहेर ठेवलेला असतो.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले. खोटी घाई करायला लावणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे, वर्गणीतून बाहेर पडणे मुद्दाम अवघड करणे हे त्यांत आहेच. शिवाय सॉफ्टवेअरच्या वर्गणीची गुपचूप वसुली हा एक स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला आहे. मोफत चाचणीचा काळ संपताच न सांगता खात्यातून पैसे कापणे त्यात येते. कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडून दिला असेल तर तो बँकेच्या अ‍ॅपमधून तुम्हाला स्वतःला रद्द करता येतो. त्यासाठी कंपनीच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही.

४. डेमोमध्ये सगळे चालले, दुकानात आल्यावर काहीच जमेना. चूक माझी की त्यांची?

बहुतेक वेळा डेमोची. डेमोमध्ये दहा ग्राहक, पाच वस्तू आणि गोल आकडे असतात. आपल्या आडतीत एका दिवसात सोयाबीनचे ऐंशी वक्कल (मालाचे वेगवेगळे ढीग) येतात, प्रत्येकाचा भाव वेगळा असतो, ओलावा आणि माती पाहून सौदा ठरतो, हमाली आणि तोलाई वेगळी दाखवावी लागते आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, त्याच दिवशी द्यावी लागते. महाराष्ट्रात आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापता येत नाही, ती खरेदीदाराकडून घ्यायची असते. परप्रांतातील पद्धतीवर बेतलेले सॉफ्टवेअर ती शेतकऱ्याच्याच नावावर टाकते, आणि ही गोष्ट पहिला शेतकरी पट्टी घेऊन परत येतो तेव्हा कळते.

म्हणून डेमो त्यांच्या आकड्यांवर पाहूच नये. मागच्या हंगामातील सर्वांत गर्दीचा एक दिवस निवडा, त्या दिवसाच्या खऱ्या पट्ट्या आणि बिले समोर ठेवा आणि मुनिमांना स्वतः नोंदी करू द्या. संध्याकाळी रोजमेळ जुळला पाहिजे, उधारीची यादी निघाली पाहिजे आणि एक चुकलेली पट्टी दुरुस्त करून दाखवता आली पाहिजे. यात अर्धा दिवस जातो. अर्धा दिवस द्यायला विक्रेता तयार नसेल, तर पुढे बिघाडाच्या वेळी तो किती धावून येईल याचा अंदाज तेथेच बांधावा. "ही सोय पुढच्या अपडेटमध्ये येते आहे" असे सांगितले तर ती सोय आज नाही असे समजून किंमत ठरवावी.

५. एक कंपनी दुसरीचे नाव घेऊन तिला कमी दाखवते. हे कायद्यात बसते का?

तुलना करणे कायदेशीर आहे, बदनामी करणे नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार दुसऱ्याचे नाव प्रामाणिकपणे वापरून तुलना करता येते, परंतु त्या नावाचा गैरफायदा घेणारी किंवा त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी जाहिरात त्या चिन्हाचे उल्लंघन ठरू शकते. आमचे चांगले आहे असे म्हणता येते, त्यांचे वाईट आहे असे म्हणता येत नाही, अशीच साधारण दिशा न्यायालयांनीही धरली आहे. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था 'एएससीआय' १९८५ पासून काम करते आणि तिच्या संहितेतही तुलना खरी, पुराव्याची आणि समान गोष्टींची असावी असे म्हटले आहे.

आपल्याकडे मात्र बदनामी छापील नसते. ती चहाच्या टपरीवर होते: "ती कंपनी विकायला निघाली आहे", "त्यांचा जालन्याचा डीलर पळाला", "त्यांचा डेटा करखात्याला जातो". असे कोणी सांगितले तर तेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगावे. माझ्या नऊ वर्षांत असे लिहून पाठवणारा एकही प्रतिनिधी मी पाहिला नाही.

६. गुगलवर एका कंपनीचे नाव टाकले तर वर दुसरीच कंपनी दिसली. ही फसवणूक आहे का?

आपोआप नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी असे म्हटले की प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधशब्द म्हणून विकत घेणे एवढ्यावरून उल्लंघन होत नाही. पण त्यातून ग्राहकाचा गोंधळ झाला किंवा त्या नावाचा गैरफायदा घेतला गेला तर ते होऊ शकते. फोन करण्याआधी वरच्या ओळीवर 'प्रायोजित' लिहिले आहे का ते पाहावे. ग्राहकसेवा क्रमांक तर गुगलवरून कधीच घेऊ नये, तो बिलावरून किंवा सॉफ्टवेअरमधूनच घ्यावा.

७. इंटरनेटवरचे तारे आणि अभिप्राय विश्वासार्ह मानावेत का?

आधार म्हणून घ्यावेत, पुरावा म्हणून नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले, परंतु ते ऐच्छिक स्वरूपात सुरू झाले. "सर्वोत्तम दहा बिलिंग सॉफ्टवेअर" अशा याद्या अनेकदा त्या दहांपैकीच एकाने लिहिलेल्या असतात. त्यापेक्षा तुमच्याच धंद्यातील, तुमच्याच जिल्ह्यातील आणि ते सॉफ्टवेअर वापरून किमान दोन मार्च पार केलेल्या तीन दुकानांची नावे मागावीत व तेथे प्रतिनिधीला न घेता जावे.

८. मोठ्या, नामांकित कंपन्यांतही असे होते का, की हे आपल्याकडच्या डीलरांपुरतेच आहे?

मोठ्या कंपन्यांत हे अधिक मोठ्या प्रमाणावर झाले आहे. २००० साली सेल्सफोर्स या नव्या कंपनीने सीबेल या प्रस्थापित प्रतिस्पर्ध्याच्या सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेबाहेर भाड्याचे कलाकार आणून "सॉफ्टवेअर संपले" असा खोटा मोर्चा काढला. दूरचित्रवाणीचा वार्ताहरही बनावट उभा केला. मला प्रशिक्षणात ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली होती. आज मला तिच्यात कौतुक दिसत नाही, कारण ग्राहकासमोर उभा केलेला खोटा पुरावा हा रस्त्यावरचा असो की माहितीपत्रकातला, तो खोटाच असतो.

ओरॅकल आणि सॅप यांचा खटला आपल्यासाठी अधिक शिकण्यासारखा आहे. सॅपची टुमारोनाऊ ही उपकंपनी ओरॅकलच्या ग्राहकांना स्वस्त देखभाल देत असे आणि त्यासाठी ग्राहकांचेच लॉगिन वापरून ओरॅकलच्या संकेतस्थळावरून प्रचंड सामग्री उतरवली गेली. ओरॅकलने २००७ मध्ये दावा केला, २०१० मध्ये ज्यूरीने १३० कोटी डॉलर भरपाई ठरवली, ती पुढे कमी झाली आणि २०१४ मध्ये सुमारे ३६ कोटी डॉलरवर प्रकरण मिटले. ग्राहकाने विश्वासाने दिलेला पासवर्ड दोन कंपन्यांच्या लढाईत हत्यार म्हणून वापरला गेला, हे लक्षात ठेवून प्रश्न ९ वाचावा.

भारतीय मुळांच्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. झोहोने २०२० मध्ये फ्रेशवर्क्सवर गोपनीय माहिती वापरल्याचा दावा अमेरिकेत केला आणि तो २०२१ मध्ये तडजोडीने संपला. मार्च २०२५ मध्ये पगार आणि मनुष्यबळाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या रिपलिंगने डील या प्रतिस्पर्ध्यावर आरोप केला की डीलने रिपलिंगच्या डब्लिन कार्यालयात हेर ठेवला होता. डीलने आरोप नाकारले आणि उलट दावा केला.

९. डीलरचा माणूस आमचा बॅकअप पेन ड्राइव्हवर नेतो. तो उद्या दुसऱ्या कंपनीत गेला तर?

तर तुमची ग्राहकयादी, उधारी आणि खरेदीचे भाव त्याच्याबरोबर जाऊ शकतात, आणि हे मी होताना पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातील माहिती नक्कल करून घेणे भरपाईस पात्र आहे, तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली गुन्हा होतो, आणि कामाच्या करारातून मिळालेली वैयक्तिक माहिती परवानगीशिवाय उघड करणे कलम ७२-अ मध्ये येते. पण कायद्याची वेळ येऊ नये, यासाठी बॅकअप तुमच्याच ड्राइव्हवर ठेवा, दुरून जोडणी देताना मुनीम पडद्यासमोर बसलेले असू द्या, काम संपताच जोडणी तोडा, आणि डीलरचा माणूस बदलला की त्या दिवशी पासवर्ड बदला.

१०. माझी मुलगी अशा कंपनीत विक्री विभागात आहे. रोज रडत घरी येते. हे सगळीकडे असेच असते का?

हा प्रश्न मला सर्वाधिक येतो आणि तो आईवडिलांकडून येतो. सगळीकडे असे नसते, आणि "कॉर्पोरेटमध्ये असेच असते" हे उत्तर मी कोणत्याही घरात देणार नाही.

माझ्या कार्यालयात रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर बैठक होत असे. ज्याची विक्री शून्य त्याने सर्वांसमोर "मी आज कंपनीचे खाल्ले" असे म्हणायचे. महिन्याचे शेवटचे तीन दिवस रजा नाही, मग घरी कोणी आजारी असो. त्याच शेवटच्या तीन दिवसांत मला परभणीच्या मोंढ्यातील एका वयस्कर आडत्यांकडे पाठवले आणि "दंडाचे सांग" असे बजावले. मी सांगितले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून चेक लिहिला आणि जाताना चहा पाजला. त्यांना त्या सॉफ्टवेअरची गरज नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ग्राहकाला सांगितलेले खोटे आणि कर्मचाऱ्याचा अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी त्या दिवसापासून मानत नाही. दोन्ही एकाच टारगेटमधून निघतात.

अमेरिकेतील झेनेफिट्स या मनुष्यबळाचे सॉफ्टवेअर आणि विमा विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण येथे लागू पडते. विमा विकण्यासाठी कॅलिफोर्नियात सक्तीचे असलेले ५२ तासांचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना चुकवता यावे, यासाठी त्या कंपनीत एक छोटा प्रोग्राम फिरत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये संस्थापक पार्कर कॉनराड यांना पद सोडावे लागले आणि नव्या प्रमुखांना कार्यालयात मद्यबंदी करावी लागली. प्रश्न ८ मधील रिपलिंग ही कॉनराड यांचीच पुढची कंपनी.

मुलीला सांगा की टारगेट, शिवीगाळ आणि खोटे सांगण्याचे आदेश यांची तारखेनिशी वही ठेव आणि तोंडी आदेश मिळाला की "आपण सांगितल्याप्रमाणे" असा विनम्र ई-मेल पाठव. लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान कार्यालयासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि झोप, जेवण तुटले असेल तर दुसरी नोकरी मिळेपर्यंत थांबण्याचा आग्रह धरू नका.

११. नोकरी सोडली तर "दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाता येणार नाही" आणि "बॉण्डचे पैसे भरा" असे लिहिले आहे. ते बंधनकारक आहे का?

या दोन वेगळ्या अटी आहेत. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास बंदी घालणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सामान्यतः लागू होत नाही. बॉण्डचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट योग्य ठरवली. म्हणून "बॉण्ड म्हणजे नुसता कागद" असे समजू नये. मात्र रक्कम वाजवी असावी लागते आणि कंपनीने खरोखर किती खर्च केला हा प्रश्न विचारता येतो. ग्राहकयादी सोबत नेण्याची मुभा कलम २७ देत नाही, त्यासाठी प्रश्न ९ पाहावा. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नयेत.

१२. पैसे भरले आणि फसलो. तक्रार कोठे करायची?

आधी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरात खोटी असेल तर एएससीआय आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातही जाता येते. हिंगोलीच्या दुकानदाराला बंगळुरूला जावे लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेचा खरेदीदार या कायद्यात 'ग्राहक' नसतो. अपवाद असा की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात धरली जात नाही. हा अपवाद वस्तूंपुरता लिहिला आहे, म्हणून कंपनीचा वकील "सॉफ्टवेअर ही सेवा आहे" असे म्हणेल. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या संदर्भात तयार, पाकीटबंद सॉफ्टवेअरला वस्तू मानले होते, हे आपल्या वकिलाला सांगून ठेवावे. एकट्याने चालवलेल्या कृषी सेवा केंद्राला येथे वाव आहे. जिनिंग किंवा स्टील कारखान्याने मात्र दिवाणी दाव्याची तयारी ठेवावी. दोघांनाही लेखी आश्वासनच उपयोगी पडते.

१३. डीलरने एकाच लायसन्सवर तीन संगणकांवर "जुगाड" करून दिला. दोष कोणाचा?

पैसे पूर्ण दिले, पक्के बिल घेतले आणि तुम्हाला कल्पना नव्हती तर तुमची बाजू भक्कम आहे. पण प्रत बेकायदा आहे हे माहीत असून वापरणे प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे आणि त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काही ठिकाणी जुगाड करून देणारा आणि नंतर कंपनीची नोटीस आणून "मिटवून देतो" म्हणणारा माणूस एकच असतो.

१४. सॉफ्टवेअर बदलायचे आहे, पण जुनी कंपनी डेटा देत नाही. रिन्युअल न भरल्यास जुने हिशोबही दिसत नाहीत. काय करावे?

हिशोब तुमचा आहे आणि तो सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच आहे. जीएसटी कायद्यानुसार नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि "सॉफ्टवेअर बंद पडले" हे अधिकाऱ्यापुढे उत्तर होत नाही. म्हणून रिन्युअल संपण्याच्या किमान दोन महिने आधी खतावणी, रोजमेळ, विक्री व खरेदी नोंदवही आणि मालसाठा एक्सेल व पीडीएफ या दोन्ही रूपांत काढून दोन ठिकाणी ठेवावा. नुसता त्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पुरेसा नाही, कारण तो उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. मुदत संपलीच असेल तर एका महिन्याची वर्गणी भरून डेटा काढून घेणे हे भांडणापेक्षा स्वस्त पडते. मात्र ती भरताना "केवळ डेटा काढण्यासाठी, पुढील वर्गणी नको" असे ई-मेलवर कळवावे आणि ऑटोपे जोडू नये. नवीन कंपनीने जुना हिशोब उतरवून दिल्यावर तिच्या ताळेबंदावर विसंबू नये. जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या प्रत्येक खात्याची ३१ मार्चची शिल्लक मुनिमांनी समोरासमोर ठेवून जुळवावी, आणि ती पूर्ण जुळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.